आयमथ : घर समोर दिसत असताना

मागच्या शनिवारी एडिंबरामध्ये चक्क ऊन पडलं होतं. इथे ऊन पडलं की घरात बसणं हा गुन्हा असतो, असं ऑफिसातले सहकारी सांगतात. मग काय, लॅपटॉप बंद केला, सॅक उचलली आणि निघालो आयमथला. २०२२ साली पुन्हा सुरू झालेल्या रेस्टन स्टेशनवर उतरलो आणि पुढे टॅक्सी केली. 'आय' नावाची छोटी नदी इथे समुद्राला मिळते, म्हणून गावाचं नाव आयमथ.

इंग्लंडची हद्द इथून दहा किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे गावाच्या वाट्याला लढायाही आल्या. टेकाडावर १५४७ मध्ये इंग्रजांनी किल्ला बांधला, १५५० च्या तहानंतर तो पाडला. १५५७ मध्ये फ्रेंचांनी पुन्हा बांधला, १५५९ च्या तहाने तोही पाडावा लागला. आता तिथे गवताचे उंचवटे उरलेत, पण वारा आणि समुद्र झकास.

बंदरापलीकडे गन्सग्रीन हाउस दिसतं. १७५३ च्या सुमाराचा हा देखणा वाडा जॉन नेस्बिट नावाच्या व्यापाऱ्याचा. आराखडा जॉन अ‍ॅडमचा, आणि मालकाचा खरा धंदा चहाच्या तस्करीचा! भिंतीत चहा ओतून लपवायची सोय केलेली. हसू नका, तेव्हा चहावरचा कर शंभर टक्क्यांच्या वर होता. १७८४ मध्ये सरकारने तो एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहाच्या तस्करीतली मजाच गेली.

इथवर सगळं गमतीचं. पुढचं मात्र तसं नाही.

एकोणिसाव्या शतकात गाव मासेमारीवर जगायचं. पण पकडलेल्या माशांचा दशमांश चर्चच्या धर्मगुरूला द्यावा लागे. याविरुद्ध विल्यम स्पिअर्स नावाचा कोळी उभा राहिला. लोक त्याला 'किंगफिशर' म्हणत, म्हणजे आपला खंड्या. बरीच वर्षं भांडण चाललं. अखेर १८६० च्या दशकात एकरकमी पैसे मोजून गावाने हा हक्क सोडवून घेतला. लढाई जिंकली, पण गावाचा पैसा आणि दम त्यातच खर्ची पडला. दरम्यान बंदराचं काम मागे पडत गेलं. तोंड अरुंद, बाहेर हर्कर नावाचे खडक, वादळात आत शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही 'पुढे बघू' चाललं होतं.

१४ ऑक्टोबर १८८१, शुक्रवार. आधीचे काही दिवस हवा खराब म्हणून होड्या बंदरातच होत्या, म्हणजे घरात पैसा नाही. त्या सकाळी समुद्र शांत, ऊन स्वच्छ. बंदरावरच्या बॅरोमीटरचा पारा मात्र खूपच खाली गेलेला. पण बॅरोमीटर बघून पोट भरत नाही. होड्या निघाल्या. दुपारच्या सुमाराला आभाळ काळवंडलं आणि बघता बघता वादळ कोसळलं. बऱ्याच होड्या घराकडे वळल्या आणि बंदराच्या तोंडाशी येऊन खडकांवर फुटल्या. किनाऱ्यावर बायका-मुलं उभी होती. माणसं ओळखू येतील इतक्या जवळ, आणि करता काहीच येईना.

त्या दिवशी या किनाऱ्यावरचे १८९ कोळी गेले, त्यातले १२९ एकट्या आयमथचे. 'एरियल गझेल' ही होडी मात्र बंदराकडे न येता खोल समुद्रातच वादळाशी झुंजत राहिली आणि जवळजवळ दोन दिवसांनी सुखरूप परतली. हे वाचलं आणि मी थबकलोच. घराकडे धावले त्यांच्यातले कितीतरी गेले, घरापासून लांब राहिले ते वाचले.

जुन्या दफनभूमीत मोडलेल्या डोलकाठीचं स्मारक आहे. २०१६ मध्ये समुद्रकाठी ब्राँझचं शिल्प बसवलं : समुद्राकडे बघत उभ्या असलेल्या विधवा आणि मुलं. आजूबाजूला लोक फिश अँड चिप्स खात होते. मीही खात होतो. शिल्पासमोर आल्यावर पुडा नकळत बाजूला ठेवला गेला.

आमच्या धंद्यात 'टेक्निकल डेट' म्हणतात. आज ढकललेलं काम उद्या व्याजासकट वसूल होतं. आमच्याही प्रोजेक्टात असा एक मॉड्यूल आहे, तो कधीतरी पडणार हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि दर रिलीजला आम्ही 'पुढच्या वेळी' म्हणतो. आमचा फार तर सर्व्हर बंद पडेल, तेव्हा तुलना करायलाही लाज वाटते. तरी सोमवारी त्याचा विषय मीटिंगमध्ये काढायचा असं परतीच्या गाडीत ठरवून टाकलं.

असो. तुम्ही गेलात तर बंदरात मासे मागायला येणारे सील बघा, जमलं तर शेजारच्या सेंट अ‍ॅब्सलाही जा. २०१९ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'मधलं 'न्यू अ‍ॅसगार्ड' ते हेच. आणि परत निघण्याआधी पाच मिनिटं त्या बायका-मुलांजवळ उभं राहून, ती बघतायत तिकडे बघा.