मिश्री किती जुनी?

‘मिश्रीनं दात घट्ट राहतात, वाडवडिलांपासूनचं औषध आहे,’ असं आपल्या नांदेड-लातूरकडं बचत गटाच्या बैठकीतही ऐकू येतं. जरा इतिहास बघू.

तंबाखू मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडं आणली. १६०४-०५च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापूरहून परतला, तेव्हा बादशहासाठी नवलाची वस्तू म्हणून त्यानं तंबाखू नेली. म्हणजे त्याआधीच्या कित्येक पिढ्यांतल्या बाया मिश्री लावतच नव्हत्या. दात घासायला कडुनिंबाची, बाभळीची काडी होती.

मिश्रीनं दाढेचं दुखणं घटकाभर दबतं, कीड मात्र आत वाढतच राहते. वर तलफ लागते ती वेगळीच. १९९२ साली केंद्र सरकारनं दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. पण कायदा कारखान्याला. घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री तशीच राहिली. ती आपल्यालाच थांबवायची आहे.

तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. सासूबाईंना बोल लावू नका. सोबत घेऊन जा.