कात्रीने आखलेली भिंत

शांतिनिकेतनच्या कलाभवनात भिंत रंगविणे हा शिक्षणाचाच भाग असे. आचार्य नंदलाल बोस शिष्यांना हाताशी घेऊन भित्तिचित्रे काढीत. त्या शिष्यांपैकीच बिनोदबिहारी मुखर्जी. जन्म १९०४ चा. उपजतच एक डोळा निकामी, दुसरा अधू. तरीही १९४६-४७ साली त्यांनी हिंदी भवनाच्या तीन भिंतींवर मध्ययुगीन संतांचे जीवन चितारले. मदतीस पत्नी लीला, ज्या स्वतः कलावंत होत्या, आणि के. जी. सुब्रमण्यन् आदी शिष्य होते.

१९५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली दृष्टीही गेली. चित्रकाराजवळ आता काय उरले, असे कोणासही वाटावे. बिनोदबाबूंनी कात्री हाती घेतली. रंग दिसत नसला तरी कागदाची कड बोटांना कळते! कागद दुमडून, कातरून, चिकटवून ते आकृती जुळवू लागले. अशाच आकृतींवरून १९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर फरशांचे भव्य चित्र उभे राहिले. कल्पना गुरूची, डोळे मात्र मदतनिसांचे. एके काळचे त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच साली ‘द इनर आय’ हा माहितीपट काढून गुरूंची कथा जगापुढे ठेवली.

भगिनींनो, कुंचल्याचा फटकारा एकट्याचा असतो. कागदाचा तुकडा मात्र दुसरीला उचलता येतो, सरकविता येतो. आपल्या गोधडीतल्या ठिगळासारखा. म्हणूनच मुलांकडून शाळेची भिंत रंगवून घ्यावयाची असेल, तर आधी सर्वांना मिळून कागद कातरू द्यावेत. भिंत सर्वांची, तर आखणीही सर्वांचीच असावी.