अनौरस वीरांची कैफियत : ग्रीक पुराणकथा आणि कुमारांची अद्भुत कादंबरी

ग्रीक पुराणकथांतील बहुतेक वीरांची जन्मकथा मुलांना सांगण्याजोगी नाही. पर्सियस हा झ्यूसचा पुत्र. बंदिवासात कोंडलेल्या डानाएकडे हा देव सुवर्णवृष्टीच्या रूपाने गेला. हेराक्लीझही त्याचाच, त्याच्या आईला झ्यूसने तिच्या पतीचे रूप घेऊन फसवले. थीसियसला तर दोन पिते आहेत, अथेन्सचा राजा ईजियस आणि समुद्रदेव पोसायडन. या संबंधांतूनच वीराचे वीरपण सिद्ध होते, कारण अर्धे देवत्व त्याला तेथूनच मिळते. हा भाग गाळला तर वीर सामान्य माणसांहून वेगळा का, याचा उलगडा होत नाही. ठेवला तर पुस्तक मुलांच्या हाती देणे अवघड. गेल्या पावणेदोनशे वर्षांत इंग्रजी बाल-कुमारसाहित्याने या पेचातून जे मार्ग काढले, त्यांचा माग घेतला की आजच्या कुमारवयीन वाचकांच्या अद्भुत कादंबरीकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. ही कादंबरी एका बाजूने जे उघड करते, ते दुसऱ्या बाजूने पुन्हा झाकते, असे मला वाटते. ते कसे, हे येथे पाहावयाचे आहे.

नॅथॅनिएल हॉथॉर्नचे 'अ वंडर-बुक फॉर गर्ल्स अँड बॉइज' 1851 च्या अखेरीस आले आणि 'टँगलवुड टेल्स' 1853 मध्ये. या कथा कोणत्याही एका युगाच्या मालकीच्या नाहीत आणि प्रत्येक काळाने त्यांना आपापल्या रीतिभावांचा पेहराव चढवावा, अशी त्याची प्रस्तावनेतली भूमिका आहे. भूमिका उदार आहे खरी. पण पेहराव चढवताना त्याने आत काय झाकले, हे पाहण्याजोगे आहे. त्याच्या पर्सियसकथेत डानाए ही राजकन्या आहे, पर्सियस तिचा लहानगा मुलगा आहे आणि काही दुष्ट माणसे या मायलेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडतात. मुलाचा बाप कोण, हा प्रश्नच कथेत उद्भवत नाही. पर्सेफनीच्या अपहरणाची कथा याहून बोलकी आहे. हॉथॉर्नची प्रॉसर्पिना एक अल्लड बालिका आहे, आणि पाताळाचा राजा तिला उचलून नेतो तो आपल्या उदास महालात एखादे हसरे, बागडणारे मूल असावे म्हणून. बलात्काराची कथा एका एकाकी गृहस्थाच्या वात्सल्याची कथा होते. धर्मोपदेशक चार्ल्स किंग्जलीने 1856 मध्ये 'द हीरोज' हे पुस्तक आपल्या मुलांसाठी लिहिले. त्याची वृत्ती अधिक गंभीर, पण सुवर्णवृष्टी तेथेही नाही. बंदिवासात डानाएला मूल होते, एवढेच तो सांगतो. पुढे या पोराची उंची आणि कौशल्ये पाहून लोक त्याला झ्यूसचा मुलगा म्हणू लागतात. जन्मरहस्य असे लोकप्रवादाच्या स्वाधीन करून लेखक मोकळा होतो.

ही सोवळेपणाची गोष्ट म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु गाळलेल्या गोष्टीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे मुलाची तक्रार. बाप कोण हे ज्याला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून बाप ज्याला ओळख देत नाही, अशा मुलाचे दुःख ग्रीक परंपरेत फार जुने आहे. ऑव्हिडच्या 'मेटामॉर्फोसीस'मधला फेथॉन सोबत्याने हिणवल्यावर सूर्याकडे जातो तो पितृत्वाचा पुरावा मागायला. सूर्य स्टिक्स नदीची शपथ घेऊन काहीही देण्याचे वचन देतो आणि त्याच वचनाने मुलगा जळून मरतो. थीसियसला शिळेखाली ठेवलेली तलवार आणि पादत्राणे उचलून आपली ओळख पटवावी लागते. व्हिक्टोरियन पुनर्कथनांत शिळा उचलण्याचे शौर्य उरले. ती उचलण्याची पाळी त्या मुलावर का आली, हा सल मात्र विरून गेला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. एडिथ हॅमिल्टनचे 'मिथॉलॉजी' (1942) शाळाशाळांतून पोचले, पण ते संकलन आहे. त्यात मूल हा दृष्टिकोन नाही. खरा छेद 1970 मध्ये इंग्लंडात दिसतो. लिऑन गारफील्ड आणि एडवर्ड ब्लिशन यांच्या 'द गॉड बिनीथ द सी' या पुस्तकाचा आरंभच ऑलिम्पसवरून फेकून दिलेल्या अर्भकाने होतो. हे अर्भक म्हणजे हेफेस्टस. कुरूप म्हणून आईने टाकलेले, समुद्राच्या पोटात दोन देवींनी वाढवलेले. चार्ल्स कीपिंगची चित्रे त्या हिंसेला कुरवाळत नाहीत आणि लपवीतही नाहीत. पुस्तकाला कार्नेगी पदक मिळाले आणि मुलांसाठी हे योग्य आहे काय, असा वादही झाला. टाकलेल्या मुलापासून देवांचा इतिहास सांगायला घेणे, ही कल्पना तेव्हा नवी होती आणि तिचे मोल अजून पुरेसे जोखले गेलेले नाही.

याच सुमारास अमेरिकेत 'कुमारवयीन वाचक' हा स्वतंत्र वर्ग आकारास येत होता. अमेरिकन ग्रंथालय संघाने 1957 मध्ये त्यासाठी वेगळा विभाग काढला होता. एस. ई. हिंटनची 'द आउटसायडर्स' 1967 ची. तिच्यातील तिघा भावांचे आईबाप अपघातात गेलेले आहेत. या वास्तववादी कुमार-कादंबरीत वडीलधारी माणसे वारंवार अनुपस्थित, दुबळी किंवा बेजबाबदार असतात. घटस्फोट, व्यसन, सावत्र बापाचा जाच हे तिचे नेहमीचे विषय झाले. पुढे ज्या मालिकेने ग्रीक पुराणकथा नव्या पिढीच्या घराघरांत नेली, तिची एक मुळी हॉथॉर्नमध्ये असली तरी दुसरी येथे आहे, हे बहुधा लक्षात घेतले जात नाही.

रिक रायॉर्डन हा टेक्ससमधील सॅन अँटोनियोचा शिक्षक. वाचनदोष आणि अवधानदोष असलेल्या आपल्या मुलाला रात्री ग्रीक कथा सांगताना त्या संपल्या, म्हणून त्याने नवी कथा रचली. तिचेच पुढे 'द लाइटनिंग थीफ' (2005) झाले. 2009 पर्यंत या मालिकेचे पाच भाग पुरे झाले. पर्सी जॅक्सन बारा वर्षांचा आहे, शाळेमागून शाळा त्याला काढून टाकतात, घरी सावत्र बाप आईला छळतो. येथवर ही सरळ वास्तववादी कुमार-कादंबरी आहे. मग कळते की अक्षरे डोळ्यांपुढे नाचतात ती त्याचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडला आहे म्हणून. आणि बाप गेला कोठे, याचे उत्तर असे की तो पोसायडन आहे.

रायॉर्डनची खरी कल्पकता राक्षसांत किंवा एम्पायर स्टेट इमारतीच्या सहाशेव्या मजल्यावर नेऊन ठेवलेल्या ऑलिम्पसमध्ये नाही. ती लाँग आयलंडवरच्या अर्धदेव मुलांच्या छावणीत आहे. तेथे प्रत्येक देवाच्या संततीसाठी एकेक घर आहे, आणि ज्यांना कोणत्याच देवाने अजून आपले म्हटलेले नाही ती मुले हर्मिसच्या अकराव्या घरात दाटीवाटीने, जमिनीवर झोपतात. देवाने डोक्यावर आपले चिन्ह उमटवले की मूल आपल्या घरी जाते. काहींच्या डोक्यावर ते कधीच उमटत नाही. हॉथॉर्नने जी गोष्ट पेटीत बंद केली होती, ती येथे सगळ्या कथायंत्रणेचा आस झाली आहे. हर्मिसचा मुलगा ल्यूक देवांवर उलटतो आणि क्रोनॉसला जाऊन मिळतो तो याच रागातून. त्याच्या पक्षाला मिळणारी मुलेही बहुतांशी दुर्लक्षित, अनोळखी. शेवटी देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो ते नाकारतो आणि मागतो ते इतकेच की तेरा वर्षांची होईपर्यंत आपापल्या सर्व मुलांना ओळख द्या, आणि तशी स्टिक्सची शपथ घ्या. फेथॉनने स्वतःपुरता पुरावा मागितला होता; हा मुलगा सगळ्यांसाठी हक्क मागतो. गंमत अशी की झ्यूस, पोसायडन आणि हेडीज यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर मुले न होऊ देण्याची जी शपथ घेतली होती तीही स्टिक्सचीच होती, आणि पर्सी हा त्या शपथभंगाचाच पुरावा आहे. लेखकाला हा उपरोध ठाऊक असावा. त्यावर तो थांबत मात्र नाही.

या मागणीला आधुनिक, अमेरिकन, हक्कवादी म्हणून बाजूला सारण्याचा मोह अभ्यासकांना होतो. तो बरोबर नाही. युरिपिडीजचे 'आयॉन' हे नाटक इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतले. आयॉन हा डेल्फीच्या मंदिरात वाढलेला सेवक. आईबाप कोण हे त्याला ठाऊक नाही, आणि तो ज्याची पायरी झाडतो तो अपोलोच त्याचा बाप आहे. माणसांसाठी कायदे घालून देणाऱ्या देवांनीच कायदा मोडावा, हे कसे, असा प्रश्न तो मंदिरासमोर उभा राहून देवाला करतो. पर्सीच्या मागणीचा उगम शोधायचा तर तो येथे आहे.

पण 'आयॉन' नाटकात दुसरीही एक व्यक्ती बोलते, ती म्हणजे आयॉनची आई क्रेऊसा. फुले वेचणाऱ्या मुलीला हाताला धरून गुहेत ओढून नेणारा देव, तिचा आक्रोश, एकटीने केलेले बाळंतपण, टोपलीत टाकलेले मूल, हे सगळे ती जाहीरपणे त्या देवाच्या तोंडावर सांगते. युरिपिडीजने आईची आणि मुलाची कैफियत एकाच रंगमंचावर मांडली आहे. आणि शेवटी अपोलो येत नाही. झाल्या प्रकाराबद्दल दूषण ऐकावे लागेल म्हणून तो अथीनेला पुढे करतो.

हा निकष लावला की नव्या कादंबरीचे झाकणे दिसू लागते. रायॉर्डनने मुलाची तक्रार परत आणली, आईची आणली नाही. पर्सीची आई सॅली आणि पोसायडन यांची भेट समुद्रकिनाऱ्यावरच्या एका उन्हाळ्यात, परस्परप्रेमातून झालेली आहे. देव निघून गेला एवढेच दुःख. तीच गोष्ट मेडूसाची. ऑव्हिडमध्ये समुद्रदेवाने मिनर्व्हाच्या मंदिरात तिच्यावर बळजबरी केली आणि शिक्षा मात्र तिलाच झाली. 'द लाइटनिंग थीफ'मध्ये ती पोसायडनची प्रेयसी आहे आणि मंदिरातली ती भेट एक चोरटी भेट आहे. वस्तुतः रायॉर्डनला आईच्या बाजूने कथा फिरवणे जमत नाही असे नाही. मूळ कथेत पर्सियस आईला त्रास देणाऱ्या पॉलिडेक्टीझला मेडूसाचे शिर दाखवून दगड करतो. येथे तेच शिर वापरून सॅली स्वतः आपल्या नवऱ्याचा बंदोबस्त करते. मालिकेतील हा सर्वांत धीट बदल आहे. मात्र तिला न्याय मिळतो तो मर्त्य पुरुषापासून, देवापासून नव्हे.

एका ठिकाणी रायॉर्डन क्रेऊसेच्या फार जवळ येतो. 'द लास्ट ऑलिम्पियन' या पाचव्या भागात ल्यूकची आई मे भेटते. तिचे भान हरपले आहे. मुलगा येईल म्हणून ती वर्षानुवर्षे खाऊ करून ठेवते आणि तो घरभर कुजत, करपत पडून राहतो. हे प्रकरण वाचताना कुमार-कादंबरीच्या मर्यादा काही काळ विसरायला होते. परंतु तिच्या वेडाचे कारण हर्मिस नाही. देववाणीचे माध्यम होण्याचा तिचाच हट्ट आणि हेडीजचा शाप, असे ते सांगितले जाते. हर्मिसच्या वाट्याला हताश प्रेम येते. आरोपाच्या ऐन क्षणी देवाच्या जागी कोणी दुसराच पुढे केला जातो, तो असा.

मुलींना उद्देशून लिहिलेल्या कादंबऱ्यांकडून येथे वेगळी अपेक्षा करावी, तर 2011 हे साल निराश करते. मेग कॅबटची 'अबँडन' आणि एमी कार्टरची 'द गॉडेस टेस्ट' या दोन्ही त्या एका वर्षी आल्या. दोन्हींचा पाया पर्सेफनीची कथा आहे आणि दोन्हींत पाताळाचा स्वामी प्रणयनायक आहे. हॉथॉर्नने त्याला वत्सल केले, यांनी देखणा केला.

या परंपरेची एक शाखा आपल्या पुराणांपर्यंत आली आहे. रायॉर्डनच्या नावाने 2018 मध्ये सुरू झालेल्या ग्रंथमालिकेतील पहिले पुस्तक रोशनी चोक्शी यांचे 'अरू शाह अँड द एंड ऑफ टाइम'. त्यात पांडव अमेरिकेतल्या मुली होऊन पुन्हा जन्मले आहेत, आणि देवाने ओळख देण्याचा प्रसंगही रायॉर्डनच्याच पद्धतीचा आहे. अरूला इंद्र आपली म्हणतो, मिनीला धर्मराज. पण येथे देवाचे पितृत्व आत्म्यापुरते आहे. मिनीला घरी नीट आईवडील आहेत. अरूचा बाप तर मर्त्य आहे आणि कथेतला खलपुरुषही तोच. पुनर्जन्माच्या युक्तीने देव आणि आई यांचा संबंधच नाहीसा होतो, त्यामुळे झाकण्यासारखे काही उरत नाही. 'मृत्युंजय' वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला यात चटकन जाणवते ती कुंतीची अनुपस्थिती. सूर्य, कुंती आणि पाण्यात सोडलेली पेटी ही सामग्री क्रेऊसेच्या टोपलीला इतकी जवळची असताना, महाभारतावरच्या या कुमार-कादंबरीने पाची भावांना घेऊन सुरुवात करावी आणि सहाव्याला बाजूला ठेवावे, ही निवड योगायोगाची नव्हे. हॉथॉर्नला ती मान्य झाली असती.

डेव्हिड एलियटची 'बुल' ही पद्यकादंबरी 2017 ची. तिच्यात मिनोटॉर हा चक्रव्यूहात डांबलेला कुमार आहे, पोसायडन हा शिवराळ, निर्लज्ज सूत्रधार आहे, आणि देवाच्या सुडासाठी जिचे शरीर व मन वापरले गेले ती पॅसिफेईही स्वतःच्या तोंडाने बोलते. आई आणि टाकलेले मूल येथे पुन्हा एकाच पुस्तकात आले आहेत. तिची भाषा अमेरिकेतील पालकांना शाळेत चालण्याजोगी वाटणार नाही. आणि गारफील्ड-ब्लिशनवर 1970 मध्ये जो आक्षेप आला, तो तिच्या बाबतीतही जवळपास त्याच शब्दांत घेता येईल.