सात की नऊ? अंबरनाथच्या शिलालेखातला राजा

इजिप्तच्या राजांची नावे लांबट वलयात कोरलेली असतात. त्यांच्याच आधाराने 1822 मध्ये शांपोल्यों याने चित्रलिपीची उकल केली. ठाण्याच्या शिलाहारांनी वाचकाची अशी सोय केलेली नाही. त्यांची नावे ‘महामंडलेश्वर’सारख्या बिरुदांच्या गर्दीतून हुडकावी लागतात. तरीही 1787 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकामात सापडलेल्या ताम्रपटावरचे अरिकेसरीचे नाव रामलोचन पंडितांनी लावले, आणि ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात ते छापूनही आले. शांपोल्यों तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

खरी अडचण कल्याणशेजारच्या अंबरनाथला आली. शिवमंदिराच्या उत्तरेकडच्या दारावरील शिलालेखात दोन राजे भेटतात. राज्य माम्वाणीचे, म्हणजे ताम्रपटांतल्या मुम्मुणीचे. पण मंदिराला नाव दिले आहे छित्तराजाचे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लेखातला शक 782 वाचला, म्हणजे इ.स. 860. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा तपासला आणि शक 982, म्हणजे इ.स. 1060 ठरवला. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले. गुरूच्या वाचनाला शिष्याने दिलेली ही दुरुस्ती आहे.

दोघांत बरोबर कोण, हे केवळ अंकाच्या वळणावर सोडायची गरज नाही. भांडुपला सापडलेला छित्तराजाचा ताम्रपट शक 948चा, म्हणजे इ.स. 1026चा आहे. त्यात नोउर गावातले, म्हणजे आजच्या नाहूरमधले, शेत दान दिले आहे. अरिकेसरीचा ठाण्याचा पट शक 939चा, इ.स. 1017चा. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे अरिकेसरीचे पुतणे, एकामागून एक गादीवर आलेले भाऊ. 1026 मध्ये दान देणाऱ्या छित्तराजाचे मंदिर 860 मध्ये उभे कसे असेल? सात वाचला तर सगळी वंशावळच मोडते. नऊ वाचला की जुळते. छित्तराजाने मंदिर आरंभले आणि धाकट्या भावाच्या काळात ते पुरे झाले, असा माझा अर्थ आहे. लेखाशी तो सुसंगत आहे, एवढेच म्हणतो.

वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे लेख एकत्र संपादित केले, तेव्हा शक 982 हाच कायम राहिला. म्हणून एखाद्या जुन्या पुस्तकात या मंदिराचा काळ 860 दिसला, तर तो भाऊ दाजींच्या पहिल्या वाचनातून आलेला आहे असे समजावे.