उद्याच्या जगाचा भोंगा

साल १९६३. लंडनच्या मेडा व्हेल भागात बीबीसीच्या लांबलचक कॉरिडॉरमधून तुम्ही चालत आहात. रेडिओफोनिक वर्कशॉपचं दार ढकलता, तर आत ना पियानो, ना व्हायोलिन. टेप रेकॉर्डर, ऑसिलेटर आणि हातात ब्लेड घेऊन बसलेली डेलिया डर्बीशायर.

रॉन ग्रेनरने लिहिलेली ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेची धून ती एकेक स्वर कापून, चिकटवून घडवते आहे. सिंथेसायझर अजून बाजारात यायचा आहे. छेडलेल्या तारेचा आवाज टेपवर घ्यायचा आणि टेपचा वेग बदलून तो चढवायचा, उतरवायचा. स्वर जितका लांबवायचा, तितका टेपचा तुकडा लांब. कुठेतरी एक स्वर चुकतोय. ती आणि तिचा सहायक डिक मिल्स सगळ्या टेपा कॉरिडॉरभर उलगडून शेजारी शेजारी अंथरतात. तुम्हीही वाकून पाहता. एका ठिकाणी जोड जुळत नाही. चूक तिथेच आहे.

आता कान देऊन ऐका. घसरत चढणारा, घसरत उतरणारा तो सूर. डेलिया मूळची कॉव्हेंट्रीची. १९४० साली ते शहर बॉम्बहल्ल्यात होरपळलं, तेव्हा ती तीन वर्षांची होती. इलेक्ट्रॉनिक संगीताची ओढ आपल्याला हवाई हल्ल्याच्या भोंग्यांपासून लागली, असं ती पुढे सांगणार आहे.

आता २१ डिसेंबरची संध्याकाळ. एका घरात, काळ्यापांढऱ्या टीव्हीवर ‘डॉक्टर हू’ पाहत तुम्ही बसला आहात. युद्धाने बेचिराख झालेला स्कारो ग्रह, दगड झालेलं जंगल, ओस पडलेलं शहर. या भागाला ट्रिस्ट्रम कॅरीने दिलेल्या संगीतात गुणगुणावी अशी चाल नाही. आहे ती यंत्रांची घरघर. कॅरीने महायुद्धात नौदलात रडारवर काम केलं आहे. शेजारी बसलेल्या मुलांना हे सगळं अगदी नवं वाटतंय. त्यांच्या आईवडिलांना मात्र ते ओळखीचं वाटल्यावाचून राहणार नाही.

श्रेयनामावलीत डेलियाचं नाव शोधू नका. या मालिकेच्या पडद्यावर ते यायला २०१३ साल उजाडेल. पण या संगीताची ताकद तिच्यासारख्यांच्या आठवणींत आहे. उद्ध्वस्त भविष्य कसं ऐकू येईल, हे त्यांना कल्पनेतून शोधावं लागलं नाही. ते त्यांनी युद्धाच्या काळातच ऐकलं होतं. म्हणूनच हे संगीत आजही नुसतं घाबरवत नाही, सावध करतं.