गळमासेमारी, भाडोत्री होडीवरची (सिंधुदुर्ग किनारा)

होडी, तिचा चालक म्हणजे तांडेल आणि गळाचे सामान तासांच्या किंवा दिवसाच्या बोलीवर भाड्याने घेऊन हौशी माणसांनी खाडीत किंवा किनाऱ्यालगतच्या बुडीत खडकांवर केलेली मासेमारी. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने मालवण, देवबाग, तारकर्ली, देवगड आणि वेंगुर्ला या भागांत चालते. गोव्यात मांडवीच्या मुखाशी आणि ग्रँड आयलंडच्या आसपास. मुख्य हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. होड्यांच्या दरफलकावर हा प्रकार डॉल्फिनदर्शन आणि स्नॉर्केलिंग यांच्याच रांगेत असतो, त्यामुळे सर्वसाधारण समजूत अशी की हे पर्यटन आहे. या नोंदीत तो मासेमारीचाच प्रकार धरला आहे. हा नुसता वर्गीकरणाचा वाद नव्हे. पर्यटन म्हटले की प्रवासी मोजले जातात, मासेमारी म्हटले की मासे मोजावे लागतात. आणि आज हे मासे कोणीच मोजत नाही.

हंगाम हिवाळ्यात येण्याचे कारण माशांपेक्षा वाऱ्यात आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर मोठ्या नौका बाहेर पडतात, पण लहान होडीला आणि सवय नसलेल्या प्रवाशाला मानवेल असा समुद्र दिवाळीच्या सुमारास होतो. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, पाणी सपाट राहते आणि होडी सहज बाहेर जाते. दुपारनंतर खारा वारा धरतो आणि लाटा उठू लागतात. म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत परतायचे, ही येथली रीत. खाडीतले गणित वेगळे आहे. पावसाळ्यात कर्ली किंवा गड नदीचे गोडे, गढूळ पाणी मुखापर्यंत भरलेले असते. ते ओसरले की भरतीबरोबर खारे पाणी आत आत शिरते आणि त्यामागून तांबोशी, कोकर, जिताडा (गोव्यात चोणक) खारफुटीच्या मुळांपर्यंत येतात. जाणता तांडेल अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग पाहूनच दिवस ठरवतो. उधाणाची ओढ इतकी असते की शिसे तळाला टिकत नाही. भांगात पाणी इतके मंद की मासा हलत नाही. दोन्हींच्या मधले दिवस चांगले. हल्ली पर्यटकांच्या हाती रीळ लावलेली काठी असली, तरी तांडेल स्वतः अजून बोटावर तंगूस (नायलॉनची दोरी) धरूनच बसतो: शिशाचे वजन तळाला टेकले की हातभर वर ओढायचे आणि थांबायचे. कोळंबी किंवा बांगड्याचा तुकडा गरीला असा ओवायचा की टोक जेमतेम झाकले जाईल. तळाचा मासा आमिष घेऊन थेट कपारीत घुसतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन हातांतच त्याला वर घेतला नाही तर तंगूस खडकावर घासून तुटतो.

खरा प्रश्न या कपारीपाशी सुरू होतो. सिंधुदुर्गाचा समुद्रतळ सगळा वाळूचा किंवा चिखलाचा नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आणि खडप आहे, वेंगुर्ल्यासमोर पाकोळ्यांच्या घरट्यांसाठी प्रसिद्ध असलेला वेंगुर्ला रॉक्सचा बेटसमूह आहे, आणि विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडीत पठाराचा प्रदेश आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर येतो. एका दिवसाच्या भाडोत्री होडीच्या मात्र तो आवाक्याबाहेर आहे. अशा खडकाळ जागी ट्रॉलर जाळे ओढत नाही, कारण जाळे अडकते आणि फाटते. पर्ससीन ही वरच्या पाण्यातल्या थव्यांची मासेमारी. कपारीतल्या माशाशी तिचा संबंध नाही. म्हणजे मोठ्या यांत्रिक मासेमारीपासून हे खडक आपोआपच राखीव राहिले होते. तेथे नेमका पोहोचतो तो गळ, आणि जीपीएसवर जागा नोंदवून ठेवता येऊ लागल्यापासून तो त्याच खडकावर पुन्हा पुन्हा, अचूक पोहोचतो.

तेथे मिळणारा मासाही सावकाश वाढणाऱ्या जातीचा असतो. हेकरू, म्हणजे गोबरा, हा खडकांवरचा मुख्य शिकारी. या कुळातल्या बहुतेक जाती आधी मादी म्हणून प्रजननक्षम होतात आणि वय व आकार वाढल्यावर त्यांतल्या काही नर होतात. मोठा हेकरू पकडण्याचीच हौस असेल, तर खडकावरून आधी नर कमी होतात. शिवाय हे मासे जागा सोडून फारसे हिंडत नाहीत. बांगड्याचा एक थवा मारला तर दुसरा येतो. एका खडकावरचे पाच मोठे हेकरू गेले, तर ती जागा भरायला वर्षे लागतात. याच कुळातल्या महाकाय हेकरूचा २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला, म्हणजे वाघाच्याच अनुसूचीत. छायाचित्रासाठी सर्वांत हवासा वाटणारा मासा तोच असावा. तो संरक्षित आहे, ही गोष्ट होडीवर चढण्यापूर्वी किती जणांना सांगितली जाते, कोण जाणे.

यावर पहिला आक्षेप तुलनेचा आहे. एलईडी दिव्यांखाली आणि पर्ससीन जाळ्यांत एका फेरीत टनांनी मासा जातो. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आणूनही पारंपरिक मच्छीमारांचा तिच्याशी असलेला संघर्ष मिटलेला नाही. मग चार पर्यटकांच्या गळांवर कशाला बोट ठेवायचे? वजनाच्या हिशेबात हा आक्षेप बिनतोड आहे. पर्ससीनचे नुकसान गळाच्या कितीतरी पट आहे, आणि गळाच्या चर्चेत ते झाकले जाऊ नये. पण वजन हे येथे चुकीचे माप आहे. दोन्ही साधने एकाच साठ्यातून मासा काढत नाहीत. तारली-बांगड्याच्या टनांशी हेकरूच्या किलोंची तुलना केली की हेकरूचा प्रश्न दिसेनासा होतो. तो सुटत नाही.

दुसरी अडचण नोंदीची. भारताच्या सागरी मत्स्योत्पादनाचे आकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था (सीएमएफआरआय) देते, आणि ते मासे उतरवण्याच्या केंद्रांवर नमुने घेऊन काढलेले असतात. पर्यटकाचा मासा त्या वाटेने जात नाही. लिलावाची टोपली त्याला लागत नाही. तो होडीवरून थेट घरगुती खानावळीच्या तव्यावर येतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिला, त्यापेक्षा लहान मासा पकडणे-विकणे हा गुन्हा झाला. पण तपासणी होते ती बंदरावर आणि बाजारात. या बाबतीत किनाऱ्यापेक्षा विदर्भाची व्यवस्था सरस आहे, असे म्हटले तर कोकणातल्या वाचकाला राग येईल. तरी पाहावे. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) तालुक्यात कार नदीवर मध्यम प्रकल्प आहे. राज्यातल्या अशा पाटबंधारे जलाशयांतला मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो, प्रामुख्याने मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली किती सोडली, ठेका किती रकमेचा, मुदत किती, हे कागदावर असते. तेथे गळ घेऊन बसणाऱ्या हौशी माणसाला निदान एवढे ठाऊक असते की हे पाणी कोणाच्या तरी हक्काचे आहे. जलाशयाला काठ असतात आणि समुद्राला नसतात, हे खरे. पण आपला मुद्दा काठांचा नाही. पाण्याला हक्कदार आहे ही जाणीव होडीवरच्या प्रवाशाला कोणी करून देत नाही, हा आहे.

तिसरा युक्तिवाद शहरी हौशींचा: आम्ही मासा धरतो, छायाचित्र काढतो आणि सोडून देतो. खाडीत, दोन-चार मीटर पाण्यात, गरीचा अडकणा दाबून टाकला असेल आणि ओल्या हाताने मासा झटपट सोडला, तर हे बऱ्याच अंशी चालते. खोल खडकावर नाही. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. तेथून मासा भराभर वर ओढला की त्याच्या वाताशयातला वायू चौपट फुगू पाहतो, जठर तोंडातून बाहेर येते, डोळे बाहेर येतात. सोडून दिलेला मासा पोट वर करून तरंगत राहतो, तो घारी-गरुडांसाठी. वजन लावून त्याला पुन्हा तळापर्यंत पोहोचवण्याची साधने परदेशांत वापरली जातात. ती नसतील तर खोल पाण्यात ‘सोडून दिला’ या शब्दांना फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा खाण्यापुरते दोन मासे धरून गळ गुंडाळणारा प्रामाणिक म्हणावा.

चौथा आक्षेप पोटाचा आहे आणि तोच सर्वांत वजनदार. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) आणि गळ यांवर जगणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराला पर्ससीनने मागे ढकलले. हिवाळ्यात पर्यटकांना नेऊन त्याला मासळीच्या भावावर अवलंबून नसलेले पैसे मिळतात, आणि तेही कमी मासा मारून. नियम आले की पहिला दंड त्यालाच होणार, ही भीती निराधार नाही. १३ एप्रिल १९८७ रोजी २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा स्थानिकांचा विरोध याच भीतीतून उभा राहिला आणि तो अजून शमलेला नाही. पण हाच युक्तिवाद नीट तपासला तर उलट बाजूला नेतो. सागरी अभयारण्यात स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचे रक्षण करावे, असे वन्यजीव कायदाच सांगतो. पर्यटकाची हौस म्हणजे व्यवसायहित नव्हे. ती मासेमारीत मोडते आणि तिचा परवाना पारंपरिक मच्छीमाराकडेच असावा, असे ठरले तर त्याचा हक्क पक्का होतो. ती नुसते पर्यटन राहिली, तर उद्या भांडवलवाला मोठी फायबरची बोट आणि पगारी चालक घेऊन त्याच खडकावर येईल आणि त्याला अडवायला कोणताही आधार नसेल. किनाऱ्यावरच्या जलक्रीडांत बाहेरच्या पैशाचा शिरकाव कसा होतो, हे मालवणात कोणाला वेगळे सांगायला नको.

सुरक्षेबाबत थोडक्यात: प्रवासी वाहतुकीचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळ देते, मासेमारी नौका मत्स्यव्यवसाय विभागाच्या कक्षेत येतात, आणि भाडोत्री गळमासेमारी नेमकी या दोहोंच्या मधल्या फटीत पडते. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची चर्चा झाली, होडीचा नेमका प्रकार कोणता ठरवायचा याची मात्र फारशी नाही.

अशा मासेमारीला मत्स्यव्यवस्थापनात वेगळे खाते देणे अशक्य नाही. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेने तांबोशीच्या कुळातल्या रेड स्नॅपरचा वार्षिक वाटा ५१ टक्के व्यावसायिकांना आणि ४९ टक्के हौशींना ठरवून दिला, आणि २०१५ पासून हौशींच्या वाट्यातही भाडोत्री होड्यांचा हिस्सा वेगळा काढला. तेथेही वजनाचा आणि पोटाचा वाद झालाच. फ्लोरिडाने महाकाय गोलायथ हेकरूची मासेमारी १९९० मध्ये पूर्ण थांबवली. अत्यंत मर्यादित परवानगी परत मिळाली ती २०२३ मध्ये. अमेरिकेची यंत्रणा आणि पैसा आपल्याकडे नाही, म्हणून ती नक्कल येथे जमणार नाही, हे मान्य. पण सुरुवातीला लागते ती एक वही: होडीचा नोंदणी क्रमांक, खाडी की खडक, माशाची जात आणि लांबी. ही वही जेटीवर मच्छीमार सहकारी संस्थेनेच ठेवावी, आणि तिच्या आधारे डिसेंबर-जानेवारीत कोणते खडक आळीपाळीने मोकळे ठेवायचे, हेही तिनेच ठरवावे. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याचा मूळ हेतू पारंपरिक मच्छीमाराचे रक्षण हाच होता. भाडोत्री गळ त्या कायद्याच्या कक्षेत स्पष्ट शब्दांत आणावा.