चौदा इंजेक्शनांची आठवण

चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलालाने माणसे आणि देवळे एका रंगाची होतात, आणि ‘चांगभलं’च्या गजराने जोतिबाचा परिसर दुमदुमतो. त्या डोंगराच्या पायथ्याशी एका घरी आम्ही गेलो होतो. घरातील लेक काही वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिसने आजारी. पूर्वी ती पायी डोंगर चढे. आता काठी लागते. डॉक्टरांनी तिला फ्लूची लस घ्यायला सांगितली होती. आई मात्र अडून बसली होती. “कुत्रं चावलं म्हणून तात्याला पोटात चौदा सुया टोचल्या. कुत्र्यानं न्हाई, सुयांनी पाय गेलं त्येचं. आन् हिला तर आधीच नसांचं दुखणं!”

हे बोलणे अडाणीपणाचे म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. आम्हांला ते जमले नाही, कारण आईच्या म्हणण्यात इतिहासाचा एक खरा तुकडा होता.

आपल्या मुलखाला लस नवी नाही. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातील ते पहिले यशस्वी लसीकरण. 1897 च्या जानेवारीत, मुंबईत प्लेगचे थैमान चालू असता, वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे 1902 साली पंजाबात मुल्कोवाल येथे तीच लस घेतलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला. दोष लसीचा नसून एका बाटलीत शिरलेल्या जंतूंचा होता, हे मान्य होऊन त्यांचे नाव निर्दोष ठरायला 1907 उजाडले. लोकांच्या मनातील सुईचे भय मात्र इतक्या लवकर निर्दोष ठरले नाही.

तात्यांच्या चौदा सुयांची गोष्ट याहून निराळी आहे. 1885 साली पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस दिली, ती सशाच्या मज्जारज्जूपासून केलेली होती. 1911 साली कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी तिला सोपे रूप दिले. मेंढीच्या मेंदूत रोगाचे विषाणू वाढवायचे आणि कार्बॉलिक आम्लाने ते मारून लस करायची. ही लस स्वस्त होती, देशात बनत होती आणि तिने असंख्य जीव वाचवले. परंतु तिच्याबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंशही शरीरात जाई. आपल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवर वेष्टन असावे तसे. परक्या मेंदूतील मायलिन वारंवार टोचले गेले की काही थोड्या माणसांची संरक्षणशक्ती त्यालाच शत्रू समजे आणि मग स्वतःच्या आवरणावरही तुटून पडे. पाय लुळे पडत, क्वचित प्राणही जाई. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1933 साली सशाचा मेंदू पुनःपुन्हा टोचून माकडांत असाच विकार घडवून दाखवला. गंमत अशी की, मल्टिपल स्क्लेरोसिस समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांना त्याच प्रयोगाची वाट सापडली.

म्हणजे आईची भीती निराधार नव्हती. ती जुनी होती. आपल्या देशात ही मेंदूची लस 2005 च्या सुमारास बंद झाली. आजची लस पेशींच्या संवर्धनातून होते, तिच्यात मेंदूचा अंश नसतो आणि ती पोटात टोचावी लागत नाही. तेव्हा पिसाळलेले कुत्रे चावल्यास हा आजार असलेल्यानेही ती टाळू नये. त्या रोगाला नंतर उपाय नाही.

मग इतर लशींचे काय? फ्रान्समध्ये 1994 पासून कावीळ ‘ब’ची लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली. लस घेतल्यावर काहींना मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचे दिसले, ओरड झाली आणि 1998 साली शाळांतील लसीकरण थांबले. पण हा आजार बहुधा ऐन तारुण्यात उमटतो. लाखो तरुणांना लस दिली की त्यांतील काहींचा आजार लशीनंतर उमटणारच. ‘नंतर’ म्हणजे ‘त्यामुळे’ नव्हे. 2001 साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात कावीळ ‘ब’च्या लशीने हा आजार होतो असे आढळले नाही. दुसऱ्यात आजार पुन्हा उसळलेल्या 643 रुग्णांचा हिशेब मांडला. लशीनंतरच्या दोन महिन्यांत उसळी वाढल्याचे दिसले नाही. उलट फ्लूसारखा संसर्ग मात्र उसळीला निमित्त होतो.

एक गोष्ट मात्र खरी. लशीनंतर ताप आला तर पाय जड होतात, दृष्टी अंधुक होते. जर्मन नेत्रवैद्य ऊटहॉफ यांनी 1890 सालीच नोंदले होते की, शरीर तापले की या रोग्यांची जुनी लक्षणे तात्पुरती डोके वर काढतात. चैत्राच्या उन्हात डोंगर चढतानाही हेच होते. ताप उतरला की तीही उतरतात. शिवाय संरक्षणशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत जंतूंच्या लशी टाळाव्या लागतात, आणि काही औषधांमुळे लस नीट लागू पडत नाही. म्हणून तिची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी लागते.

त्या घरात आम्ही हे सारे सांगितले, तात्यांपासून सुरुवात करून. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तात्याचं खरं व्हतं म्हणायचं.” आम्ही म्हणालो, “खरं होतं.” तेवढे कबूल झाल्यावरच तिने पुढचे ऐकून घेतले. लेकीने लस घेतली. रात्री ताप आला, पाय जड झाला; आई उशाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी लेक काठी घेऊन अंगणात आली. लस देणाऱ्यांनी आपल्या चुकांचाही इतिहास सांगावा, असे आम्हांला तेव्हापासून वाटते. तो लपवला की माणसे उरलेल्या खऱ्यावरही विश्वास ठेवीत नाहीत.